सायकल कधी काढू नये

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर दमणगंगा उगम पावते. पेठच्या डोंगरांतून ती खाली येते, जव्हार-मोखाड्याकडचा पाऊस वाघ नदी तिच्यात आणून ओतते, मग मधुबनचं धरण, धरणाखाली राखोली, सिल्वासा, अथाल, पुढे वापी आणि शेवटी दमणचा समुद्र. सगळा मिळून १३१ किलोमीटरांचा प्रवास. सिल्वासातल्या सायकलस्वाराने हा नकाशा पाठ करून ठेवायला हवा. श्रावणात एखाद्या सकाळी शहरात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि त्याच वेळी राखोलीच्या पुलाखालचं पाणी तांबडं होऊन चढू लागलेलं असतं. खानवेलला निघालेला माणूस दारात उभा राहून वर पाहतो, उघडीप दिसते, अंगठ्याने टायर दाबून बघतो आणि निघतो. ज्या आभाळाकडे त्याने पाहायला हवं होतं, ते पेठच्या डोंगरांवर असतं.

या नदीने तिच्या काठच्या लोकांना हे फार कठोरपणे शिकवलं आहे. २८ ऑगस्ट २००३ रोजी दमणमध्ये तिच्यावरचा पूल कोसळला आणि शाळा सुटून घरी निघालेली मुलं त्यात गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ च्या सुरुवातीला आलेल्या महापुरात सिल्वासा, वापी आणि दमण, तिन्ही ठिकाणी पाणी घुसलं. या दोन वर्षांच्या आठवणी असलेली माणसं पावसाळ्यात पुलाकडे जाण्याआधी आजही कुणाला तरी फोन करून विचारतात. घरातल्या तरुणांना ती खबरदारी जुन्या पिढीची भीती वाटते. ती भीती नव्हे, उत्तम हवामानशास्त्र आहे.

बाहेर सायकल चालवण्यासाठी हवा केव्हा फार वाईट समजायची, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण उंबऱ्यावर उभं राहून शोधतात. पण हवामानाशी खरी गाठ पडते ती उंबऱ्यापासून वीस किलोमीटर लांब, तीन तासांनंतर, पाय दमलेले आणि बाटली रिकामी असताना. म्हणून निर्णय घ्यायचा तो घरापुरता नाही, वाटेतल्या सर्वांत लांबच्या ठिकाणापुरता घ्यायचा. या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा तपशील, आणि तो तपशील पावसापासून सुरू करणं भाग आहे, कारण सिल्वासा ज्या दादरा आणि नगर हवेलीत आहे तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

हवामान विभाग चोवीस तासांच्या पावसाची प्रतवारी लावतो. ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग या प्रतवारीकडे आणि पावसाने काय बिघडू शकतं त्याकडे बघून दिले जातात. सायकलवाल्याची अडचण अशी की रंग पूर्ण जिल्ह्याला आणि पूर्ण दिवसाला असतो. सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर रेनकोट घालून कामावर जाता येतं. तोच सत्तर मिलिमीटर दीड तासात कोसळला तर मोऱ्या तुंबतात आणि रस्ता कुठे संपला ते कळत नाही. अंतराचंही तसंच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्याला फक्त सुमारे ७३ मिलिमीटर पडला होता. कुलाबा ते सांताक्रूझ हे अंतर सिल्वासा ते खानवेल या अंतराहून फार वेगळं नाही. कुलाब्यातल्या कुणी त्या दिवशी खिडकीबाहेर बघून सांताक्रूझचा अंदाज बांधला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

म्हणून पावसाळ्यात तीन तासांचा अंदाज पाहावा. हवामान विभाग रडारच्या आधारे तो देतो आणि फोनवर तो मिळतो. दिवसाचा रंग आदल्या रात्री पाहायचा, निघताना तीन तासांचा अंदाज पाहायचा. रंग नारिंगी असेल तर मौजेची फेरी रद्द, मग सकाळ कितीही कोरडी असो. अशा कोरड्या सकाळीच माणसं लांब जाऊन अडकतात.

पावसात सायकल का घसरते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पिपरिया, मसाट, राखोलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक असतात. आठ महिने त्यांच्याखाली गळलेलं डिझेल आणि ऑईल, झिजलेल्या टायरची काळी पूड आणि धूळ डांबराच्या खाचांत साचते. मृगाची पहिली सर आली की हा थर पाण्यावर तरंगतो. चांगला मुसळधार पाऊस होऊन रस्ता धुऊन निघेपर्यंत तो तिथेच असतो, त्यामुळे पहिल्या पावसाचा पहिला तास हा ऐन आषाढातल्या झडीपेक्षा जास्त धोक्याचा. त्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि गतिरोधकांवरचा रंग हे भिजल्यावर काचेइतके गुळगुळीत होतात. वळणावर सायकल कलती असताना चाक त्यावर आलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

ब्रेकचं तर वेगळंच. कामगारांच्या आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना स्टीलची चकचकीत रिम आणि सळ्यांचे ब्रेक असतात. रिम कोरडी असेल तर रबर नीट पकडतं. ती भिजली की रबर आणि स्टीलमध्ये पाण्याची पातळ फिल्म येते आणि पहिली काही आवर्तनं ब्रेक दाबला काय, न दाबला काय, सारखंच. रबराने पाणी पुसून काढल्यावर कुठे पकड येते. तोवर सायकल कितीतरी पुढे गेलेली असते. ॲल्युमिनियमच्या रिमचं दुखणं यापेक्षा कमी आणि डिस्क ब्रेकचं सर्वांत कमी, पण रस्त्यावर बहुसंख्य सायकली पहिल्या प्रकारच्या आहेत. अशा सायकलीवर पावसात जायचंच असेल तर थांबायच्या कितीतरी आधीपासून ब्रेक हलकेच लावून रिम पुसत राहावं लागतं. जुन्या सायकलवाल्यांच्या हातांना ही सवय असते.

वाहत्या पाण्याबद्दल मात्र तडजोड नाही. रस्त्यावरून पाणी नुसतं साचलं आहे की वाहतं आहे, ते आधी बघायचं. घोट्याच्या वर, पंधरा सेंटिमीटर खोल, वेगाने वाहणारं पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकतं. सायकल हातात धरून चालणाऱ्याला तर चाकांवरही पाण्याचा रेटा बसतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे का खचली आहे, ते दिसत नाही. खानवेलला साकरतोड नदी, तिच्या पुढे दुधनीच्या वाटेवर डोंगरातून येणारे लहान ओहोळ, हे सगळे तासाभरात चढतात आणि बहुधा काही तासांत उतरतातही. पलीकडे अडकलेल्याने कुणाच्या पडवीत बसून राहणं हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे. त्या गावांतली वारली आणि कोकणा माणसं अनोळखी भिजलेल्या माणसाला बसायला जागा देतात.

पावसापेक्षा विजेचं भय लोक कमी बाळगतात, हे उलटं आहे. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यांतली बहुतेक उघड्यावर काम करणारी असतात. ऐन पावसाळ्यात विजा तुलनेने कमी असतात. त्यांचे दिवस म्हणजे मे-जूनमधला वळीव आणि पाऊस परतताना, हस्त नक्षत्राच्या आसपासच्या संध्याकाळी. नेमके हेच दिवस सायकल चालवायला छान वाटतात, कारण दुपारच्या उकाड्यानंतर वारा सुटलेला असतो आणि मळभ आलेलं असतं. वीज चमकली की आकडे मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो; तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि पुढची डोक्यावरही असू शकते. मग पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप तयार केलं आहे, ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. सिल्वासा-खानवेल रस्त्याला दुतर्फा झाडांची कमान आहे. उन्हाळ्यात तिच्याइतकी सुखाची जागा नाही, आणि विजेच्या वेळी तिच्याइतकी वाईटही नाही.

आता ऊन. वैशाखात भरलेल्या सभेपुढे उन्हावर बोलायचं तर आधी एक समजूत दूर करावी लागते. सिल्वासातली माणसं नागपूर-चंद्रपूरचे आकडे वाचतात आणि म्हणतात, आपल्याकडे बरं आहे, पारा तेवढा चढत नाही. हा दिलासा खोटा आहे. शरीर गार राहतं ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे नुसत्या पाऱ्याकडे न बघता ओल्या पाऱ्याकडे बघावं लागतं.

सूत आणि कापडाच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे उपकरण माहीत असतं. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर शेजारी शेजारी दोन काचेचे थर्मामीटर. एकाचं बूड उघडं, दुसऱ्याच्या बुडाला सुती वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या लहानशा भांड्यात बुडवलेलं. वातीतलं पाणी वाळताना त्या थर्मामीटरचं तापमान उतरतं. हवा जितकी कोरडी, तितकं ते जास्त उतरतं. दोन आकड्यांतल्या फरकावरून खात्यातली आर्द्रता कळते आणि सूत तुटू नये म्हणून ती कमीजास्त करतात. ओल्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे घामाने भिजलेल्या माणसाला निसर्ग जास्तीत जास्त किती गार करू शकेल त्याची हद्द.

आता हिशेब करू. विदर्भातली एक दुपार घ्या, ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के. ओला पारा येतो सुमारे २४ अंश. सिल्वासाची एक दुपार घ्या, ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. ओला पारा येतो २९ च्या पुढे. अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकात जवानांना उष्माघात होऊ नये म्हणून एक निर्देशांक बनवला, त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. त्यात ओल्या पाऱ्याला सत्तर टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला वीस टक्के आणि साध्या पाऱ्याला दहा टक्के. सावलीत काळा गोळा आणि साधा पारा सारखेच धरले, तर विदर्भातल्या दुपारसाठी २९.४ आणि सिल्वासातल्या दुपारसाठी ३०.७ येतात. आठ अंशांनी थंड दिसणारी दुपार शरीराला जास्त जड जाते.

सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय २०२४ पासून हाच निर्देशांक वापरते. तिच्या तक्त्यात २३ ते २७.९ हा नारिंगी पट्टा आणि २८ पासून लाल. सिल्वासाला हा तक्ता लावून पाहिला तर धक्का बसतो. जूनमध्ये पहाटे २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हाही निर्देशांक २७ च्या घरात, म्हणजे लाल रेषेच्या अगदी जवळ असतो. पहाट सुखाची वाटते कारण ऊन नसतं; पण दिवसातली सर्वांत दमट वेळ तीच. शर्यतींसाठी आखलेल्या पट्ट्या इथे जशाच्या तशा लावल्या तर वर्षातले कित्येक महिने कुणी बाहेरच पडायचं नाही. इथल्या माणसाचं शरीर उकाड्याला सरावलेलं आहे, ही जमेची बाजू खरी आहे, तिला मर्यादा असली तरी. म्हणून आपली पट्टी आपण आखावी. या व्याख्यानाचा अभिप्राय असा: ओला पारा २४ च्या आत असेल तर मनसोक्त जावं, २४ ते २७ मध्ये अंतर आणि वेग कमी करून, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पीत जावं, २७ च्या वर व्यायामासाठी सायकल काढू नये. दोन साधे थर्मामीटर, दिव्याची वात आणि वाटीभर पाणी एवढ्यावर हे घरच्या गॅलरीत मोजता येतं.

सायकलस्वार स्वतःही उष्णता निर्माण करत असतो, हे विसरलं जातं. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्याच्या पायांतून साधारण शंभर वॅट शक्ती पेडलला मिळते. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच असल्याने त्यासाठी शरीरात तीनशे ते चारशे वॅट उष्णता तयार होते. ती काढायला तासाला निदान अर्धा लिटर घाम पूर्ण वाळावा लागतो. सपाटीवर समोरून लागणारा वारा हे काम करतो. चढ लागला की वेग आठ-नऊवर येतो, वारा नाहीसा होतो आणि मेहनत मात्र वाढते. खानवेलच्या पुढे मांदोनी-सिंदोनीकडे चढताना सकाळी दहा वाजताही माणसाला गरगरतं, ते यामुळे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ती माणसं सायकल चालवत नव्हती, उघड्यावर बसलेली होती. किनाऱ्याजवळच्या प्रदेशात खारे वारे उशिरा सुटले आणि पूर्वेचा कोरडा वारा टिकून राहिला की पारा एकाएकी चढतो. म्हणून हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागासाठी ४० अंश, पण किनारी भागासाठी ३७ अंशांपासूनच आहे, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की. एप्रिलची सुरुवात सगळ्यांत फसवी, कारण शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि तेव्हा ती झालेली नसते. डोकं दुखायला लागलं, पोटऱ्यांत गोळे आले, मळमळलं, की सावलीत थांबायचं आणि मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्यायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला तिथल्या तिथे गार करायला घ्यावं आणि दवाखान्याची गाडी बोलवावी. आधी गार करणं, मग नेणं, हा क्रम महत्त्वाचा.

वाऱ्याचं थोडक्यात सांगता येईल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, पण त्याआधीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण असा पूर्ण पट्टा होता. १७ मे २०२१ ला तौक्ते याच किनाऱ्यासमोरून वर सरकून दीव-उनाजवळ धडकलं. अशा दिवशी सायकलीचा विचार कुणी करत नाही. करावा लागतो तो साध्या जोरदार वाऱ्याचा. ताशी चाळीस किलोमीटर वाऱ्यात छत्री सांभाळणं अवघड होतं आणि हीच सायकलसाठीही सोयीची खूण आहे: छत्री उलटत असेल तर ट्रकच्या रस्त्यावर जाऊ नये. बाजूचा वारा ट्रक शेजारून जाताना क्षणभर अडतो आणि ट्रक पुढे गेला की एकदम अंगावर येतो, त्या झटक्याने सायकल हातभर सरकते. एरवी वाऱ्याच्या दिवशी वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून घ्यावा, दमलेल्या पायांना परतीची मदत होते.

हिवाळा म्हणजे सायकलचा हंगाम, यावर सिल्वासात सर्वांचं एकमत आहे. थंडी बोचत नाही, आभाळ स्वच्छ, रस्ते कोरडे. तरी इथे एक अडचण आहे, आणि ती डोळ्यांना दिसते पण हवामानात धरली जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा अंकलेश्वर पहिलं आणि ८८.०९ गुणांसह वापी दुसरं आलं होतं. पुढच्या वर्षांत उपाय झाले, आकडे बदलले. पण थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकते आणि धूर त्यातच राहतो, हा निसर्गनियम बदललेला नाही. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात पेडल मारताना त्याच्या कितीतरी पट. हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर, म्हणजे ‘वाईट’ या वर्गात असेल तर पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर नऊला निघावं. उन्हाने जमीन तापली की ते झाकण फुटतं. दमा असलेल्यांनी शंभरच्या वरच विचार करावा. नदीकाठच्या धुक्यात तर आणखी एक गोष्ट: पन्नास पावलांवरचं दिसत नसेल, तर मागून येणाऱ्या ट्रकलाही सायकल दिसत नाही, मग दिवा कितीही चांगला असो.

कडक थंडी इथे नाही, पण भिजलेल्या अंगाने सापुताऱ्यासारखा घाट उतरणाऱ्याला वीस अंशांतही हुडहुडी भरते आणि बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. २२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतात डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीत अचानक गार पाऊस आणि वारा आला आणि २१ धावपटू थंडीने गेले. त्यांत तयारीचे धावपटूही होते. अंगात होते ते उन्हाळी शर्यतीचे कपडे.

तयारीच्या माणसांचंच जास्त अडतं. मार्च २०१३ मध्ये मिलान-सान रेमो शर्यतीत एवढा बर्फ पडला की स्पर्धकांना बसमध्ये बसवून घाट पार करावा लागला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओमानच्या शर्यतीत धुळीचं वादळ आणि असह्य उष्मा यांमुळे टायर फुटू लागले, तेव्हा स्पर्धकांनीच पुढे जायला नकार दिला आणि तो टप्पा रद्द झाला. त्या वर्षाअखेर यूसीआयने खराब हवामानाचा नियम केला: बर्फ, गोठणारा पाऊस, जोराचा वारा, टोकाचं तापमान, कमी दृश्यता किंवा प्रदूषण, यांपैकी काही असेल तर संयोजक, डॉक्टर, संघ आणि स्पर्धक यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ठरवायचं. सायकल चालवणाऱ्याने एकट्याने, खोगिरावर बसल्यावर ठरवायचं नाही, हा या नियमाचा गाभा आहे. कारण खोगिरावर बसलेला माणूस नेहमी ‘जाऊ की’ म्हणतो.

हौशी सायकलस्वाराच्या पाठीशी असं मंडळ नसतं. महाराष्ट्र-गुजरातमध्ये ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या लोकप्रिय आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. घड्याळ पावसासाठी थांबत नाही. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. त्यात वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे, जूनचं ऊन आहे. ही नावं ऐकून पोरं पेटून उठतात, आणि उठावीतच. पण त्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकामागे गाडी असते, गाडीत माणसं असतात, आणि थांबवण्याचा हक्क त्या माणसांकडे असतो. सिल्वासाहून जव्हारला एकट्याने निघालेल्याने तो हक्क घरातल्या कुणाला तरी आधीच देऊन ठेवावा: अमुक वाजेपर्यंत खानवेलला पोचलो नाही तर परत फिरेन, आणि फोन आला की ऐकेन. दिवस शंकास्पद असेल तर लांब जाऊन परत येण्याऐवजी नरोली-अथाल-सिल्वासा अशा लहान फेऱ्या मारणं हा तर फार चांगला उपाय. कुठूनही घर तासाभराच्या आत राहतं.

इथपर्यंतचं सगळं ज्यांना ‘आज नको’ म्हणता येतं, त्यांच्यासाठी झालं. सिल्वासात सायकल चालवणाऱ्या बहुसंख्यांना ते म्हणता येत नाही. करसवलतींच्या काळात मसाट, पिपरिया, राखोली, नरोली इथे कारखाने आले आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, महाराष्ट्रातून कामगार आले. चाळीतल्या खोलीतून पाळीला जायचं साधन म्हणजे सायकल. दुपारी पाळी बदलते तेव्हा वैशाखातलं ऊन टळटळीत असतं. रात्रीची पाळी सुटते तेव्हा आषाढात खड्डा कुठे आहे ते दिसत नाही. लाल इशारा आला की शाळांना सुट्टी जाहीर होते, पाळीला नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, त्यामुळे लांबच्या पाड्यांवरच्या मुली शाळेत टिकल्या. त्या मुलींनाही ओढा ओलांडायचा की नाही हे रोज एकटीने ठरवावं लागतं. हवामानाचा निर्णय खऱ्या अर्थाने यांचा आहे आणि तो घेण्याचं स्वातंत्र्यही यांनाच सर्वांत कमी. हे बदलता येण्यासारखं आहे, आणि फार खर्चाचं नाही.

कारखान्याच्या आत सुतासाठी ओला पारा दर पाळीला वाचला जातो. तसलंच एक उपकरण फाटकाजवळ, सावलीत, माणसाच्या उंचीवर टांगावं आणि पहारेकऱ्याने पाळी बदलण्याच्या तासभर आधी आकडा फळ्यावर लिहावा. २७ च्या वर असेल त्या दिवशी दुपारची पाळी अर्धा-पाऊण तास उशिरा आलेल्याचा पगार कापू नये, फाटकात गार पाणी आणि ओआरएस ठेवावं, आणि येणाऱ्याला थेट यंत्रावर न पाठवता दहा मिनिटं बसू द्यावं. नारिंगी आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक बस फिरवावी. राखोलीच्या पुलापलीकडून येणाऱ्यांना तिचा सर्वांत जास्त उपयोग. शाळांनी ओढ्यापलीकडच्या मुलींची यादी जूनमध्येच करून ठेवावी आणि वरच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाने सकाळी सहाला पाण्याचा निरोप द्यावा. मागच्या मडगार्डवर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवायला काही रुपये लागतात. पावसाळ्याआधी कारखान्याच्या सायकल स्टँडवर एका दिवसात सगळ्या सायकलींना तो लावता येतो, आणि त्याच वेळी ब्रेकची झिजलेली रबरंही बदलता येतात.